बुंध्यातला धुमारा

२७ मे

आज वस्तीच्या सभेत शब्द देऊन बसलो. दिलेला शब्द मागे घेणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. जुन्या सूतगिरणीच्या सभागृहासमोरची फुजीची, जांभळ्या घोसांची वेल येत्या वसंतात फुलली नाही, तर मी, इशिगामी तात्सुझो, स्वतःच्या हातानं तिच्यावर करवत चालवीन.

वस्तीप्रमुख कुरोयानागीसान नेहमीसारखे गोड आवाजात बोलले. "इशिगामीसान, आणखी एक वसंत कोरडा गेला. सायेसान आजारी पडल्या तेव्हापासून वेलीला घोस म्हणून लागलेला नाही. मांडवाचे खांब कुजलेत. उद्या कुणाच्या टाळक्यात पडला म्हणजे? त्यापेक्षा तिथं मैदान करू. म्हाताऱ्यांना चेंडू खेळायला जागा नाही."

"म्हातारे म्हणजे कोण?"

"तुम्ही आणि मी."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी उभा राहिलो, आणि एकदा उभा राहिलो की माझं मला भान राहत नाही. म्हणालो, याच मांडवाखाली गिरणीतल्या पोरींनी संपाची शपथ घेतली. मालकानं खानावळीला कुलूप घातलं तेव्हा याच मांडवाखाली चुली पेटल्या. मालक गेला, गिरणी गेली, संघटनाही गेली. आपलं म्हणावं असं एवढं एकच उरलंय, आणि त्याच्या उरावर तुम्ही चेंडू टोलवणार? एक वसंत द्या तिला! नाही फुलली तर करवत माझी आणि हातही माझे!

टाळ्या पडल्या. शेजारचा तोकुजी डोळे पुसत होता. अर्थात दोन पेले पोटात गेले की तोकुजी हवामानाच्या बातम्या ऐकूनही रडतो.

घरी येऊन बायकोला, सायेला, सबंध भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू लुळी आहे आणि वाचा गेली आहे. एक शब्द तेवढा उरला आहे, "चहा". हवं म्हणायचं तरी चहा, नको म्हणायचं तरी चहा, ऊन लागलं तरी चहा. तिला समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. भाषण संपल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चहा." मी केला. तिनं तोंड फिरवलं.

३१ मे

आज वेल नीट पाहिली. जन्मभर तिच्याखाली उभा राहून बोललो, पण बोलणारा माणूस समोर बघतो, वर बघत नाही.

जुना बुंधा पीळ दिलेल्या दोरासारखा, माझ्या मांडीएवढा जाड. मांडवावर पसरलेले त्याचे हात मात्र वाळकुडे झाले आहेत, पानं विरळ. पण बुंध्याच्या पायाशी, अगदी मातीला लागून, एक धुमारा फुटला आहे. फुटला आहे कसला, मनगटाएवढा झाला आहे! शेजारच्या खांबावरून चढून तो थेट छतावर पोचला आहे. त्याची पानं एवढी गर्द की खालची सावली काळी दिसते. साये अंथरुणाला खिळली त्या सुमारास तो निघाला असावा. त्याआधी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

मला भरून आलं. वरचं सगळं मरायला टेकलं तरी मूळ गप्प बसत नाही. उत्तर येतं ते मुळातून येतं. मी दुसरं काय सांगत आलो आजवर?

वाचनालयातून बागकामाची पुस्तकं आणून वाचून काढली. फुजी भरपूर ऊन मागते. फुलं येऊन गेली की वाढलेले शेंडे खुडायचे, थंडीत पानं गळून वेल उघडी झाली की पुन्हा छाटायची. फुलाचा डोळा गुबगुबीत असतो, पानाचा चपटा. कलमांवरचं प्रकरण तेवढं गाळलं. आपली वेल काही रोपवाटिकेतून विकत आणलेली नव्हे.

वाचता वाचता सायेची एक गंमत आठवली. फुलांच्या दिवसांत सगळं गाव मान वर करून मांडव बघायचं, आणि ही एकटी खाली वाकून बुंध्यापाशी बसायची. मी चिडवायचो, "काय गं, वेलीच्या पाया पडतेस? कुणाच्या पाया पडू नका म्हणून मी बाहेर घसा फोडतोय, आणि माझ्याच घरात ही भक्ती!" ती मातीनं भरलेला अंगठा एप्रनला पुसायची आणि म्हणायची, "अहो, तुमचं चालू द्या."

तो आवाज कसा होता, हे आठवायला आज वेळ लागला.

१६ जून

धुमारा हट्टी आहे. जुनी वेल ज्या बाजूनं खांबाला वेढे घेत गेली आहे, त्याच बाजूनं मी त्याचे कोवळे शेंडे नव्या बांबूभोवती गुंडाळले आणि काथ्यानं सैल बांधले. नंतर जाऊन बघतो तर शेंडे सुटून लोंबकळत होते. पुन्हा गुंडाळले. पुन्हा सुटले, आणि आपल्या मनानं दुसऱ्या बाजूनं विळखा घालून बसले.

तोकुजी पूर्वी गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. तो मांडवाचे कुजके बांबू बदलत होता. शिडीवरून म्हणाला, "तुमचं ऐकत नाही वाटतं कुणी?"

"तरुण रक्त आहे. तरुणांना आपल्या वळणावर ओढू नये तोकुजी, त्यांना त्यांच्या वळणानं जाऊ द्यावं."

"असं होय! संघटनेत असताना हे कधी बोलला नाहीत ते. मला तर बैठकीत जांभई दिली म्हणून बाहेर काढलं होतंत."

शेवटी काथ्या सोडून टाकला. धुमारा आता आपल्या मनासारखा चढतो आहे.

७ जुलै

सायेला मांडवाखाली घेऊन गेलो. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. गिरणीत सुताच्या रिळांची ने-आण करायची ढकलगाडी होती, तिच्यावर तोकुजीनं खुर्ची ठोकून दिली आहे. वाटेत लहान मुलांनी तानाबाता सणाच्या बांबूवर रंगीत कागद बांधले होते. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान पुढे काढून ती मांडवाकडेच बघत होती.

मी धुमारा दाखवला. "बघ! तू नव्हतीस तेव्हा हा आला. आता सगळी भिस्त याच्यावर."

तिनं डाव्या हातानं त्याचं एक पान धरलं आणि उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. मीही फिरवून पाहिला. चांगली मऊ लव आहे, बाळाच्या कानासारखी. जुन्या पानांना अशी लव नाही. तरुणपण, दुसरं काय.

मग ती एकाएकी अस्वस्थ झाली. बोट हवेत गोल फिरवू लागली. एका बाजूनं फिरवायची, थांबायची, मग दुसऱ्या बाजूनं फिरवायची. "चहा! चहा!" चेहरा लालबुंद.

"चहात साखर ढवळतात तसं काही म्हणतायत का?" तोकुजी म्हणाला.

"आपल्या चहात साखर कधीपासून यायला लागली?"

"मग रेडिओ. बटण फिरवतात ना असं. वहिनींना करमत नसणार."

ते पटलं. घरी आणून रेडिओ लावला. तिचं बोट फिरायचं थांबेना, म्हणून मी एकेक केंद्र बदलत गेलो. शेवटी तिनं हात खाली टाकला आणि डोळे मिटले. तांदळाच्या पेजेचे चार घास कसेबसे खाल्ले.

ती काय सांगते ते मला कळत नाही. ज्या माणसाचं बोलणं हजारो लोकांना कळलं, त्याला एका बाईचं कळू नये, हा कसला न्याय? पण न्यायाबद्दल मी बाहेर एवढं बोलतो की घरात बोलायला लाज वाटते.

२४ जुलै

फुजीला साके प्रिय, असं आपल्याकडे लहान मूलही सांगेल. मी या समजुतीची नेहमी टर उडवली. आज मीच तोकुजीला म्हणालो, "आण बाबा, घाल एकदाची."

तो मोठी बाटली घेऊन आला. एक घोट वेलीला, एक स्वतःला.

"अरे, सगळी तिच्यासाठी होती ना?"

"एकटीनं पिणं बरं दिसत नाही. बाईमाणूस आहे."

बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत गिरणीतल्या जुन्या बायका बाटल्यांचे तळ, भट्टीवरचा साकेचा चोथा, काय काय घेऊन आल्या. कुणी वर बघून हात जोडले. मी धुमाऱ्याच्या मुळाशी जागा करून दिली, "इथे घाला, इथे!" धुमारा नुसता उसळतो आहे. जुन्या हातांवरची पानं मात्र ऐन उन्हाळ्यात पिवळी पडू लागली आहेत. मरणाऱ्यानं जागा करून द्यावी, हा निसर्गाचा नियम.

१४ ऑगस्ट

ओबोन. पितरांसाठी दारात दिवा लावला. सायेची धाकटी बहीण मित्सुए आली आहे. जीभ तशीच, वस्तऱ्यासारखी. आल्या आल्या सायेचे केस विंचरायला बसली.

"भाऊजी, हिला किती दिवसांनी न्हाऊ घातलंत?"

"रोज घालतो."

"मग हिच्याशी बोलता की नुसतं भाषण देता?"

जेवताना विषय वेलीवर गेला. मित्सुए म्हणाली, "मामाच्या मांडवावरची काडी ती. ताईनं लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात ओल्या शेवाळात गुंडाळून आणली. डोंगरातनं रानफुजीचा एक खुंट खणून आणला, त्याला खाच पाडून काडी खोचली, वरून पेंढा आणि चिखल. मी कंदील धरून उभी होते. मामाकडचे घोस लांबलचक असायचे, माझ्या तेव्हाच्या उंचीएवढे. तुम्ही कुठे होता?"

"कोठडीत. पहिला संप चालू होता."

"तेच. तुम्ही जगाचं बघत होता आणि ताई खुरपत होती. आणि लोक म्हणतात, इशिगामींचा मांडव!"

"मी असं कधी म्हणालो नाही."

"तो तुमचा नाही, हेसुद्धा कधी म्हणाला नाहीत."

माझा तोल गेला. म्हणालो, त्या संपानं तुझ्यासारख्या पोरींची बिनपगारी रात्रपाळी बंद झाली, हे विसरू नकोस. ती म्हणाली, विसरले नाही, म्हणून तर दरवर्षी येते. साये आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मित्सुएचा हात धरून ती पुन्हा बोट गोल फिरवू लागली, पण मित्सुएची बस निघायची वेळ झाली होती.

३ ऑक्टोबर

जुन्या गिरणी कामगारांचा मेळावा. मी धुमाऱ्यावर बोललो. म्हणालो, जुनं खोड पोकळ झालं तरी घाबरू नका, मूळ जागं आहे! सभागृह दणाणलं. परतताना मनात आलं, इतकं चांगलं मी संपातसुद्धा बोललो नव्हतो.

कुरोयानागीसान जिन्यापाशी थांबले होते. "भाषण उत्तम. पण इशिगामीसान, पानं बघून मला मैदान थांबवता येणार नाही. फुलं लागतील."

"लागतील."

"लागोत," ते म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले असं वाटलं. त्यांची आईही त्याच गिरणीत होती.

२५ नोव्हेंबर

जुन्या वेलीनं पानं कधीच गाळली. धुमाऱ्याची पिवळी पानं अजून टिकून आहेत.

पूर्वी या दिवसांत शेंगा सुकायच्या आणि कोरड्या थंडीत फट्‌कन फुटायच्या. बिया सभागृहाच्या काचांवर येऊन आपटायच्या. एकदा बैठकीत तो आवाज ऐकून आम्ही सगळे जमिनीवर आडवे झालो होतो, पोलीस आले समजून. साये दारात उभी राहून पोट धरून हसली होती.

या वर्षीही शेंग नाही, आवाज नाही. साये झोपत नाही, मीही झोपत नाही. मला भीती वाटते आहे. वेल न फुलण्याची नाही, ती फुलली नाही तर मी सायेला काय सांगणार याची.

१२ जानेवारी

छाटणीला सुरुवात केली. वाळकुड्या हातांना जाणारं सगळं बळ धुमाऱ्याकडे वळवायचं ठरवलं आहे. जुन्या हातांवर थोडे गुबगुबीत डोळे दिसले, खोटं कशाला बोलू. धुमाऱ्यावर सगळे चपटे. कात्री धरलेला हात क्षणभर थांबला. पण मरू घातलेल्या फांदीवरच्या चार डोळ्यांसाठी भविष्य ओलीस ठेवायचं का? कापत गेलो. सभागृहाच्या पागोळीवर गेलेला एक हात तेवढा राहिला, तिथे शिडी पोचेना.

काटक्या न्हाणीच्या बंबासाठी घरी आणल्या. सायेनं मोळीतली एक काटकी ओढून घेतली, तिच्या डोळ्यावरून बोट फिरवलं आणि रडू लागली. झटका आल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. मी तिला समजावलं. नव्याला जागा करून द्यावी लागते, हे तुझ्या-माझ्याइतकं कुणाला ठाऊक, असं बरंच काही. ती ऐकत राहिली. काटकी काही केल्या सोडेना. जेवलीही नाही.

२० जानेवारी

ती अजून नीट जेवत नाही. काटकी उशाशी पाण्यात ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, या आजारात मन हळवं होतं. असेल.

१० फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

जुना बुंधा मुळापासून काढायचा आणि सबंध मांडव धुमाऱ्याला द्यायचा, असं मी ठरवलं होतं. तोकुजी करवत घेऊन आला. सायेनं निरोप घ्यावा म्हणून तिला गाडीवरून नेलं. खरं सांगायचं तर मला श्रोता हवा होता. बर्फाची भुकटी उडत होती. उघड्या वेलीची प्रत्येक गाठ दिसत होती.

मी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. साये गाडीवरून पुढे झुकली आणि तिनं माझं मनगट पकडलं. तिच्या डाव्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. "चहा," ती म्हणाली. ओरडली नाही, हळू म्हणाली.

"आता घरी गेलो की करतो."

तिनं मान हलवली. माझा तळवा तिनं जुन्या बुंध्यावर ठेवला आणि पिळाच्या खाचेतून वर सरकवत नेला. जिथवर तिचा हात पोचला तिथवर नेला. पीळ वर चढताना एका बाजूला वळत गेला. मग तोच तळवा तिनं धुमाऱ्यावर ठेवला आणि पुन्हा वर नेला. हात उलट बाजूला गेला.

मला वाटलं माझं काही चुकलं. मी स्वतःहून पुन्हा करून पाहिलं. जुना एका बाजूला, धुमारा बरोबर उलट्या बाजूला.

सायेनं मनगट सोडलं आणि बोट हवेत गोल फिरवलं. एका बाजूनं. थांबली. दुसऱ्या बाजूनं.

रेडिओ नव्हे. इतके महिने तो रेडिओ नव्हता.

मी बर्फात खाली बसलो. मित्सुए म्हणाली होती, रानफुजीचा खुंट आणि मामाच्या मांडवावरची काडी. माझ्या समोर, जेवताना म्हणाली होती, आणि मी तिला रात्रपाळीवर भाषण दिलं होतं. धुमारा जुन्या वेलीचा नव्हताच. तो खालच्या रानटी खुंटाचा. वरच्या काडीला उपाशी ठेवून वाढलेला. वेल कुठल्या बाजूनं वळते ते तिच्या जातीवर ठरतं; बांबूवरून सुटून सुटून तो मला आपली जात सांगत होता. पानाची लव सांगत होती. मी मुळाचं उत्तर म्हणून मिरवलं ते खरोखर मुळाचंच होतं. मूळ तेवढं दुसऱ्याच वेलीचं होतं. त्याला मी साके पाजली, आणि जिला पाजायची तिचे हात कापून बंबात घातले.

आणि फुलांच्या दिवसांत बुंध्यापाशी वाकून बसणारी साये कुणाच्या पाया पडत नव्हती. वर्षानुवर्षं ती अंगठ्यानं हाच धुमारा खुडत होती.

तोकुजीला काही कळलं नव्हतं. करवत हातात धरून तो बिचारा कुडकुडत उभा. "मग इशिगामीसान, कापायचं कुठलं?"

मी सायेकडे पाहिलं. तिनं हनुवटीनं धुमारा दाखवला.

"चहा," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी

माती उकरून धुमारा खुंटाला जिथे जोडलेला होता तिथून काढला. करवत मी धरली. लाकूड ओलं आणि कोवळं होतं, दातात अडकत होतं. मांडवावरून त्याचा पसारा ओढून काढायला तोकुजी आणि मी दिवसभर राबलो. खाली पडलेला ढीग जिवंत होता. मांडवावर उरलं ते मेल्यासारखं दिसत होतं.

"आता उरलं काय?" तोकुजीनं विचारलं.

पागोळीवरचा एक हात.

काटकीबद्दल सायेला काही बोलावं असं फार वाटलं. तिच्या उशाशी बसून राहिलो. तिनं थोडी पेज खाल्ली.

१ मार्च

वस्तीची सभा. मी उभा राहिलो तशी मंडळी सरसावून बसली. मी म्हणालो, "वेल कलमी आहे. ती सायेनं बांधली. ती तिनंच जगवली. मी रानटी धुमारा वाढवला आणि खरी वेल छाटली. ऑक्टोबरात तुम्ही ज्याला टाळ्या दिल्या ते चूक होतं." आणि बसलो.

मागच्या बाकावरून गिरणीतली एक म्हातारी म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"बरं वाटलं हो. पाय दुखायच्या आत संपलं."

हसू उसळलं आणि विरलं. कुरोयानागीसान चष्मा पुसत म्हणाले, "मग तो शब्द?"

"शब्द आहे तसाच आहे. फुलली नाही तर करवत माझी."

घरी येताना पहिल्यांदाच वाटलं, हा शब्द द्यायला नको होता. तो माझा नव्हता. वेल जिची, तिला मी विचारलं नव्हतं.

१८ एप्रिल

पागोळीवरच्या हाताला पालवी फुटते आहे. एका डोळ्यातून काहीतरी राखी, खवल्याखवल्यांचं बाहेर आलं आहे. मला फूल वाटतं. पण माझ्या वाटण्यावर आता माझा भरवसा नाही. सायेला शिडीवर नेता येत नाही, आणि डोळा तोडून आणणं शक्य नाही. मग तोकुजीकडून कागदावर चित्र काढून घेतलं. यंत्रांची चित्रं काढणारा हात, त्यामुळे फुजीचा कळा खिळ्यासारखा दिसत होता. सायेनं चित्र बघितलं, तोकुजीकडे बघितलं, आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग बोट कागदावर ठेवलं आणि खाली, खूप खाली ओढत नेलं. कागद संपला तरी बोट थांबलं नाही.

म्हणजे फूल. म्हणजे घोस लांब होईल.

हे मला कळलं. कुणी सांगितलं नाही, मला कळलं.

६ मे

एकच घोस आला. सबंध मांडवाला एक. पागोळीवरून सुटून तो खाली उतरत आला आणि सायेच्या गाडीएवढ्या उंचीवर येऊन थांबला. वरची फुलं उमलून जांभळी, टोकाच्या कळ्या अजून मिटलेल्या. वारा आला की सगळा घोस सावकाश हलतो. बाकी मांडव उघडा आहे. त्याच्या बांबूंतून आभाळ दिसतं.

गाव जमलं. कुरोयानागीसान बराच वेळ वर बघत उभे होते.

"एक," ते म्हणाले.

"एकच."

"शब्द फुलण्याचा होता. किती घोस, ते ठरलं नव्हतं." त्यांनी घसा साफ केला. "मैदान सभागृहाच्या मागं करू. चेंडू तिथूनही हरवतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून थांबले. मी मांडवाखाली माझ्या जागेवर उभा होतो. समोर माणसं होती, ऊन होतं, आणि एक सबंध भाषण माझ्या घशात तयार होतं.

मी सायेकडे पाहिलं. ती घोसाकडे बघत नव्हती. घोस तिच्या खांद्याला घासत होता तरी तिचं लक्ष नव्हतं. ती खाली बघत होती, आणि तिचं डावं बोट बुंध्याच्या पायाकडे होतं.

गेल्या फेब्रुवारीत जिथून कापलं होतं, तिथेच मातीलगत एक कोंब वर आला होता. नखाएवढा. लवेनं चंदेरी.

मी गुडघे टेकले. मागून तोकुजीचा आवाज आला, "बघा रे बघा, इशिगामीसान वेलीच्या पाया पडतायत!" सगळे हसले. मी मान वर केली नाही. अंगठा मातीत घालून कोंब मुळापासून खुडला, आणि आणखी कुठे काही आहे का ते चाचपून पाहिलं. एप्रन नव्हता. अंगठा विजारीला पुसला.

"चहा," साये म्हणाली.

लोक भाषणाची वाट बघत उभे होते. मी गाडी वळवली आणि तिला घरी आणलं. चहा केला. या वेळी तिला खरंच हवा होता.